आवाजाचं भिंग

आमच्या प्रयोगशाळेचा दिवस एका शिट्टीनं सुरू व्हायचा. सर चपला दाराबाहेर काढून आत यायचे, सिग्नल तयार करणाऱ्या डब्याला जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर जोडायचे आणि एक बटण फिरवून डब्याचा वेग अगदी मंद करायचे. मग स्पीकरमधून तो आवाज यायचा. खालच्या पट्टीत सुरू होऊन कुठेही न तुटता वर चढत जाणारा, हूऊऊईई असा. सर डोळे मिटून ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "सरी. चढतंय." सरी म्हणजे कानडीत ठीक. त्यानंतरच काळे पडदे ओढले जायचे आणि लेझर चालू व्हायचा. नवखा पाहुणा दारात उभा असला तर त्याला वाटायचं, इथे पक्ष्यांवर संशोधन चालतं.

नव्वदच्या दशकातलं बंगलोर. मी नागपूरहून भौतिकशास्त्रात एमएस्सी करून इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत आले होते, तीही प्रकल्पापुरत्या नेमणुकीवर. प्रकल्प संपला की नेमणूक संपली, असं पत्रातच लिहिलेलं. बाबांनी सोडलं ते एका अटीवर. एक वर्ष जाऊन ये, हौस भागव आणि परत ये. नागपूरच्या एका कॉलेजात जागा रिकामी होणार होती आणि तिथले प्राचार्य बाबांच्या चांगल्या ओळखीचे होते. बाबा पोस्टात नोकरी करायचे आणि संध्याकाळी पेटी घेऊन गायला बसायचे. घरात पेटी एकच. तिच्यावरच मी सूर ओळखायला शिकले, आणि बाबांच्या गळ्यातून मींड ऐकली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. निघताना मी ती पेटी मागितली. बाबा म्हणाले, वर्षभरासाठी पेटी कशाला हलवायची, आल्यावर वाजव. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, तेव्हा तर जरा जास्तच होता. स्टेशनपर्यंत मी रिक्षात एक शब्द बोलले नाही.

आणि इथे येऊन बघते तर काय, पहिल्याच सकाळी स्पीकरमधून मींड! मला इतका आनंद झाला की मी सरांना विचारलं, हे कोण गातंय. सर धारवाडचे, पुण्यात शिकलेले, मराठी अगदी स्वच्छ बोलायचे पण चाल कानडी. ते म्हणाले, हे रडार गातंय. मग त्यांनी मला फळ्यापाशी उभं करून जे सांगितलं, ते मी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत आले आहे. कोणी विचारलं नसलं तरी.

रडार म्हणजे हाक मारायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा. विमान लांब असेल तर हाक लांबलचक मारावी लागते, नाहीतर तिच्यात ताकद राहत नाही. पण हाक लांब मारली की दोन विमानं जवळजवळ उडत असतील तर दोघांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जातात आणि एकच जाडजूड काहीतरी ऐकू येतं. टाळी वाजवली असती तर दोन वेगळ्या टाळ्या परत आल्या असत्या, पण टाळी लांब पोचत नाही. म्हणजे हाकेची ताकद हवी आणि टाळीचा नेमकेपणा हवा. यावर कोणा शहाण्यांनी तोड काढली ती मींडेची. हाक लांब मारा, पण तिचा सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकत ठेवा. मग परत आलेल्या हाकेचा प्रत्येक तुकडा त्याच्या सुरावरून ओळखता येतो. आधी आलेल्या तुकड्याला थांबवून ठेवायचं, मागून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचं आणि सगळ्यांना एकाच क्षणी एका जागी भेटवायचं. लांब हाक मिटून तिची टाळी होते. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता आणि आता लिहितानाही येतोय.

ही भेट घडवायला सर प्रकाश वापरत होते. खोलीच्या मध्यभागी दगडी टेबल, त्याच्या एका टोकाला लेझर, मध्ये एक छोटा स्फटिक आणि पलीकडे एका बारीक फटीमागे प्रकाश मोजणारा डोळा. परत आलेली हाक, म्हणजे इथे डब्यानं तयार केलेली तिची नक्कल, स्फटिकाच्या एका कडेला जोडली की स्फटिकातून ती आवाजाच्या लाटेसारखी चालत जायची आणि आत वळ्या पडायच्या. सूर बारीक तिथे वळ्या दाट, सूर जाड तिथे विरळ. दाट वळ्या प्रकाशाला जास्त वळवतात, विरळ कमी. त्यामुळे सरकत्या सुराची हाक स्फटिकात शिरली की वेगवेगळ्या जागचे किरण वेगवेगळे वळून एका ठिपक्यात गोळा होतात. काच घासून केलेलं भिंग नाही, आवाजाचं भिंग. ते आवाजाबरोबर पुढे सरकतं, त्याच्यासोबत तो ठिपका सरकतो आणि फटीवरून जाताना डोळ्याला क्षणभर चमकून जातो. त्या डोळ्याला जोडलेल्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर, जिथे विजेची लाट रेघ होऊन दिसते, तिथे सुई उभी राहायला हवी.

आमच्या पडद्यावर सुई येत नव्हती. उशी येत होती, पसरट आणि गुबगुबीत.

सरांनी या टेबलावर नोकरीची उमेदीची वर्षं घातली होती आणि आता ते टेबल राहणार की जाणार, हे ठरायचं होतं. शेजारच्या डिजिटल विभागाचं म्हणणं असं, की हे सगळं काम पुढे चिप करणार आहे, आरसे आणि पडदे हवेत कशाला. आढावा समिती येणार होती. दोन जवळचे प्रतिध्वनी पडद्यावर वेगळे दिसले तर प्रकल्प पुढे चालू, नाही दिसले तर टेबल उचलायचं, खोली शेजारच्यांना द्यायची आणि मी नागपूरला. शेजारच्या विभागाचे साहेब एकदा टेप घेऊन आमची खोली मोजून गेले. पडदे काढले की खोली हवेशीर होईल, असंही म्हणाले आणि समितीच्या कागदांत तसं लिहिलंही. मी त्या टेपचं काय करावं याबद्दल माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्यात तिसरा होता तो डब्याचा धनी, मी त्याला डबेवालाच म्हणायचे. सिग्नल तयार करणारा डबा त्यानं स्वतः बांधला होता, एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हिंडून एकेक भाग जमवून. त्याचं घराणं मराठी, पण पणजोबांपासून बंगलोरात. वयानं माझ्याएवढाच, तरी मला अक्का म्हणायचा, बहुधा मी चिडते म्हणून. त्याचे मित्र एकेक करून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे सॉफ्टवेअरमध्ये चालले होते आणि त्यालाही बोलावणं आलं होतं. तो अजून आमच्यात होता तो फक्त त्या डब्यावरच्या प्रेमापोटी. डब्याला कोणी नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत आणि मी तर रोज ठेवत होते.

माझं म्हणणं, माझे आरसे आणि स्फटिक ठीक आहेत, तुझा डबाच सूर नीट सरकवत नाही. त्याचं म्हणणं, डबा ठीक आहे, तुझी काच बघ. तो मला हाताला धरल्यासारखा ओढून त्याच्या उपकरणाकडे न्यायचा. त्या पडद्यावर डब्यातून बाहेर पडणारे सगळे सूर एका पट्ट्यात मांडलेले दिसायचे, आणि पट्टा जितका रुंद हवा तितका रुंद असायचा, दोन्ही कडा सरळ. मग मी त्याला माझ्या टेबलाशी आणायचे. सरांच्या खणात जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे असायचे, प्रकाश नेमका कुठे पडतो ते बघायला. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लाल ठिपका गोल, स्वच्छ दिसायचा. कोणाच्या तरी मुहूर्ताच्या मागच्या बाजूला माझं निर्दोषत्व सिद्ध व्हायचं. दोघंही बरोबर आणि पडद्यावर उशी.

सर भांडणात पडायचे नाहीत. ते सकाळी स्पीकर लावून ऐकायचे, चढतंय म्हणायचे आणि आम्हाला कामाला जुंपायचे. चढायलाच हवं होतं. स्फटिक ज्या कोनात बसवला होता त्या कोनात चढता सूर प्रकाश गोळा करतो, असं गणित होतं. गणित सरांचं होतं, मी ते पुन्हा मांडून पाहिलं होतं आणि त्यात चूक नव्हती.

समिती उद्या येणार आणि आज दुपार झाली तरी उशीच. कॅन्टीनमध्ये दहीभात खाऊन सर आणि डबेवाले महाशय अजून तिथेच होते. मी खोलीत एकटी. ठिपका कुठे गोळा होतोय ते शोधायला आम्ही डोळा स्फटिकापासून लांब लांब नेत होतो, कारण ठिपका हिशोबापेक्षा थोडा लांब पडत असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. मी वैतागून डोळा उलटा ढकलला, स्फटिकाच्या जवळ. कारण काही नाही, नुसता राग. पडद्यावर उशी थोडी बारीक झाली.

मी आणखी जवळ नेला. आणखी बारीक. अगदी स्फटिकाला टेकेल इतका नेला तेव्हा ती उशी राहिलीच नव्हती, लोड म्हणावा इतपत झाली होती. सुई नाही, पण जवळ येईल तसं बारीक, लांब जाईल तसं जाड. मी हात टेबलावरून काढून घेतले आणि दोन पावलं मागे सरले.

अंधारात टॉर्च लावली की झोत पुढे रुंद होत जातो आणि मागे मागे आलं की अरुंद. अरुंद होत होत शेवटी बल्बपाशी पोचतो. माझा प्रकाशही पुढे रुंद होत होता, म्हणजे त्याचा ठिपका पुढे नव्हताच. तो मागे होता, स्फटिकाच्या अलीकडे, लेझरच्या बाजूला. तिथे कधी काही गोळा झालंच नव्हतं, नुसतं तिथून पसरल्यासारखं वाटत होतं. आवाजाचं भिंग तयार होत होतं, अगदी सुरेख होत होतं, फक्त ते गोळा करणारं नव्हतं. पसरवणारं होतं.

आणि पसरवणारं भिंग होतं म्हणजे सूर उतरत होता.

मी अनवाणीच कॅन्टीनकडे पळाले. वाटेत शेजारच्या विभागातल्या कोणीतरी विचारलं, आग लागली का. दोघं हात धुवून येत होते, त्यांना मी व्हरांड्यातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. डबेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो म्हणाला, अक्का, स्वल्प श्वास घे, रोज सकाळी सगळ्यांच्या कानासमोर चढतंय ना, मग उतरेल कसं. सरही म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकतो. मला त्या क्षणी बाबा आठवले. त्यांच्या गाण्यात मला एखादा सूर चुकीचा ऐकू आला तर ते विचारायचे, तू कुठे बसून ऐकतेस. पेटीच्या मागे बसलं की भात्याची फुसफुस जास्त ऐकू येते, सूर कमी.

"स्पीकर डब्याला कुठे जोडता?" मी विचारलं.

डबेवाला थेट खोलीकडे वळला. आम्ही तिघं आत गेलो. डब्याचे दोन भाग होते. पहिल्या भागात सरकता सूर तयार व्हायचा आणि तो खरोखरच चढता होता. पण तो सूर स्फटिकाला झेपण्याइतका उंच नव्हता, त्याला फार वरच्या पट्टीत न्यावं लागायचं. ते काम दुसऱ्या भागात. तिथे एक उंच, स्थिर सूर होता, त्याच्याशी आपला सूर मिसळला की दोघांची बेरीजही मिळते आणि वजाबाकीही. हवी ती एक ठेवायची आणि दुसरी गाळून टाकायची. बेरीज ठेवण्यासाठी जी गाळणी लागत होती ती परदेशातून यायची आणि ती आलीच नाही. वजाबाकीची गाळणी बाजारात मिळाली. त्यानं ती लावली. त्याच्या लेखी काही बिघडलं नव्हतं, पट्टा तेवढाच रुंद होता.

मी फळ्यावर शंभर लिहिले. शंभरातून दोन वजा, मग तीन वजा, मग चार. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. वजा होणारा आकडा चढतोय आणि उत्तर उतरतंय. दुसरीतल्या पोराला येणारं गणित तीन पदवीधरांनी महिनोन्महिने पाहिलं नव्हतं. स्पीकर पहिल्या भागाला जोडायचा, कारण मंद केलेला सूर तिथेच कानांना ऐकू येण्यासारखा होता. त्याच्या उपकरणाच्या पडद्यावर पट्टा दिसायचा, पण पट्ट्याला चढ-उतार नसतो, सगळे सूर एकदम मांडलेले असतात. माझ्या पत्रिकेवर ठिपका गोल दिसायचा, कारण तिथे आवाज शिरण्याआधीचाच प्रकाश पडत होता. प्रत्येकानं आपापल्या जागेवर बसून बरोबर तेच पाहिलं होतं.

"अय्यो," डबेवाला म्हणाला. मग खुर्चीवर बसला.

सरांनी फळ्यावरचे आकडे पुन्हा वाचले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हा माणूस आता रडणार. ते हसत होते. हसत हसत त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, रोज सकाळी मी आरोहाला दाद देत होतो आणि आत अवरोह चालला होता.

मी म्हणाले, बेरजेची गाळणी आपणच जोडाजोड करून बनवू या. डबेवाला ताडकन उठला. उद्या समिती आणि आज डबा उघडायचा, हे त्याला शक्यच नव्हतं. चालत्या डब्याला तो हात लावू देणार नव्हता, त्याची हाडं मोडली तरी. मी त्याच्याशी भांडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की डब्याला हात लावायची गरज नाही. स्फटिकातून प्रकाश दोन्ही बाजूंना वळवता येतो. लेझर डावीकडून तिरका शिरला तर एका बाजूला वळतो, उजवीकडून शिरला तर दुसऱ्या बाजूला. एका बाजूला जे भिंग पसरवतं, तेच दुसऱ्या बाजूला गोळा करतं. उतरता सूर आहे ना, असू दे. स्फटिक उलट्या बाजूला कलता केला की झालं. सर माझ्याकडे बघून नुसते मान डोलवायला लागले, सकाळी स्पीकरपाशी डोलवायचे तशी.

मग जी धांदल उडाली ती मी जन्मभर विसरणार नाही. टेबलाची दुसरी बाजू कधी वापरलीच नव्हती. तिथे एक कपाट अगदी चिकटून उभं होतं. डबेवाल्यानं ते एकट्यानं ओढलं, मला हात लावू न देता, जणू सगळं पाप त्या कपाटाखालीच होतं. आरसे हलवायचे, डोळा या बाजूचा त्या बाजूला न्यायचा, फट पुन्हा बसवायची. मी लग्नपत्रिका धरून ठिपका शोधत होते, सर स्क्रू केसाएवढा फिरवत होते. बाहेरून ट्रक गेला की तिघंही हात वर करून थांबायचो. दुपारभर असं चाललं. पडदे लावलेल्या त्या खोलीत आम्ही घामानं निथळत होतो आणि मला इतकी मजा येत होती की मला हसू आवरेना. सर म्हणाले, हसू नको, टेबल हलतंय.

संध्याकाळी, उजेड असतानाच, सरांनी स्क्रू शेवटचा फिरवला आणि पडद्यावर सुई उभी राहिली.

मी ते वर्णन करायचा पुष्कळदा प्रयत्न केला आहे. पडद्यावर एक उभी हिरवी रेघ, एवढंच ते. पण ती लांब हाक होती, मिटून टाळी झालेली. डबेवाल्यानं मागच्या बाजूला केबलचं मोठं वेटोळं जोडलं, म्हणजे हाक दोन वाटांनी आली, एक थेट आणि एक वळसा घेऊन, दोन विमानांवरून आल्यासारखी. पडद्यावर दोन सुया उभ्या राहिल्या आणि मध्ये स्वच्छ जागा. सरांनी टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला. आम्ही तिघं बाहेर जाऊन उभ्या उभ्या कॉफी प्यायलो आणि डबेवाल्यानं माझ्या कपात स्वतःच्या हातानं जास्तीची साखर घातली, ती मला आवडत नाही हे माहीत असूनही. मी ती कॉफी पूर्ण प्यायले.

सकाळी समिती आली. अध्यक्ष दिल्लीच्या एक बाई होत्या, उंच, कमी बोलणाऱ्या, हिंदीतून नेमकं विचारणाऱ्या. चपला बाहेर काढायच्या म्हटल्यावर त्यांनी काढल्या आणि शेजारच्या साहेबांनाही काढायला लावल्या. सरांनी फळ्यावर समजावलं. दोन सुया दाखवल्या. बाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ही दोन विमानं फारच लांब लांब उडताहेत, यांना जवळ आणा. डबेवाल्यानं छोटं वेटोळं लावलं. आम्ही ते आधी लावून पाहिलंच नव्हतं. सुया सरकून जवळ आल्या, मधली जागा अरुंद झाली, पण होती. बाई म्हणाल्या, अजून जवळ. त्यानं खिशातून केबलचा एक हातभर लांबीचा तुकडा काढला आणि सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. तो तुकडा लावला आणि दोन्ही सुया एकमेकींत शिरून एकच सुई झाली.

शेजारच्या साहेबांनी घसा खाकरला. मला वाटलं, संपलं. खोली त्यांची, मी गाडीत. डोळ्यांपुढे नागपूरचं स्टेशनच आलं.

बाई मात्र हसल्या, पहिल्यांदाच. "आता माझा विश्वास बसला," त्या म्हणाल्या. "खोटं असतं तर हेही वेगळं दिसलं असतं."

मग त्यांनी सरांना विचारलं की जिथे सुया एक होतात ती हद्द गणितात कुठे येते. सरांनी ती फळ्यावर काढून दाखवली आणि आमच्या तुकड्याची लांबी त्या हद्दीच्या अलीकडचीच निघाली. म्हणजे सुया जिथे एक व्हायला हव्या होत्या तिथेच झाल्या होत्या. बाईंनी शेजारच्या साहेबांकडे वळून सांगितलं की चिप येईल तेव्हा येईल, तोवर हे टेबल इथेच राहील आणि यांची माणसंही. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ही प्रकल्पातली का. सर म्हणाले, उतरता सूर हिनं ओळखला. हिला कायम करण्यासाठी मी लिहिणार आहे. मला ते आधी कोणी सांगितलं नव्हतं. मी उभ्या जागी इतकी खूश झाले की खिडकीच्या काळ्या पडद्याला धरून उभी राहिले आणि पडदा दांडीसकट खाली आला. उन्हाचा झोत थेट प्रकाश मोजणाऱ्या डोळ्यावर पडला आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर वाट्टेल ते नाचायला लागलं. बाई म्हणाल्या, हवेशीर झालं खरं.

संध्याकाळी मी एसटीडी बूथमध्ये गेले. बाबा फोनवर आले ते त्यांच्या नेहमीच्या प्रश्नानंच.

"मग? कधी येऊन राहिली?"

मी सगळं भराभरा सांगायला लागले, स्फटिक आणि गाळणी आणि वजाबाकी, आणि बाबांना त्यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, बाप्पा, जरा सुरात सांग. म्हणून मी काचेच्या त्या खोक्यात उभी राहून गायले. आधी आम्ही रोज सकाळी ऐकायचो ती चढती मींड. मग स्फटिकात खरोखर काय चाललं होतं ती, वरून खाली उतरणारी. बाहेर बसलेला बूथवाला मीटरवरून मान वर करून बघायला लागला.

"हा तर अवरोह झाला," बाबा लगेच म्हणाले. "आणि तुमच्या साहेबांना आरोह ऐकू येत होता?"

मी म्हणाले, साहेब ज्या जागी बसून ऐकत होते तिथे आरोहच होता. बाबा हसले. मग मी त्यांना दुसरंही सांगितलं, टेबल राहिलं आणि मला कायम करण्यासाठी सर लिहिणार आहेत. तिकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, लाइन तुटली. मीटर पळत होतं आणि मी नुसती हॅलो हॅलो करत होते. बाबा आता प्राचार्यांचं नाव काढतील, अटीची आठवण करून देतील आणि मी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं.

"पेटी रेल्वे पार्सलनं पाठवतो," बाबा म्हणाले. "भात्याला जुनी चादर गुंडाळून देतो, म्हणजे धक्का नाही लागणार. प्राचार्यांना मी सांगतो काय ते."

मी विचारलं, आणि तुम्ही संध्याकाळी काय वाजवाल.

"मले गळा आहे ना," ते म्हणाले. "तू पत्ता सांग नीट."

मी पत्ता सांगायला लागले. घरमालकीणबाईंचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, कोपऱ्यावरचं फुलवालीचं दुकान सांगितलं. पिनकोड मला काही केल्या आठवेना.